लघवी धरवत नाही, गोळ्या नकोत, नुसत्या व्यायामाने खरंच फरक पडतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय वय ४६, लघवी लागली की बाथरूमपर्यंत पोचवत नाही, खोकलं-शिंकलं तरी थेंब जातो आणि गोळ्या घ्यायच्या नाहीत. मी ५३ ची, गुहागरकडची, माझी अगदी हीच गत होती म्हणून लिहितेय. फरक पडतो, पण आठवड्यात नाही, मला साडेतीन महिने लागले.

आधी माझा वेडेपणा सांगते. चिपळूणला जायचं म्हणजे एसटीत दीड तास, मध्ये धड सोय नाही, मग सकाळपासून पाणीच प्यायचं नाही आणि निघताना लागलेली नसली तरी दोनदा जाऊन यायचं. आपल्याकडच्या निम्म्या बायका हेच करतात. फिजिओ (व्यायामाने उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट) म्हणाली दोन्ही उलटं करताय. पाणी कमी पडलं की लघवी पिवळीजर्द होते आणि लघवीच्या पिशवीला टोचत राहते, आणि नसताना सारखं जाऊन आलं की पिशवीला थोडक्यातच बोंब मारायची सवय लागते, खरं तर तिच्यात ३००-४०० मिली आरामात मावतं. तिने तीन दिवस वहीत लिहायला लावलं, कधी गेले, किती झाली (जुना मापाचा मग ठेवला होता बाथरूममध्ये), आधी काय प्यायले. माझी एका वेळी १०० मिली पण भरत नव्हती आणि चहा निघाले सात! ते दोनवर आणले, डोकं दुखलं चार दिवस पण रात्रीचं उठणं तेवढ्यानेच कमी झालं.

आता लघवीची कळ थोपवायची कशी ते. माझं असं व्हायचं की बेडं (अंगणाचं फाटक) उघडून घर दिसलं रे दिसलं की लागायचीच, कुलपात किल्ली घालेपर्यंत काही खरं नसायचं, आणि पावसात पागोळ्यांचा आवाज आला की संपलंच. मी पळायचे. पळायचंच नाही! जागच्या जागी थांबायचं, जमलं तर टेकायचं, खालची जागा पाच-सहा वेळा पटपट आवळून सोडायची आणि मनात शंभरपासून उलटे आकडे म्हणायचे. कळ चढते तशी ओसरते पण, ओसरली की मग सावकाश चालत जायचं. मी पायरीवर बसायचे तर सासूबाई विचारायच्या, काय गो, घेरी आली काय. शिवाय घड्याळ लावून जायचं, मी तासाने सुरुवात केली, जमायला लागलं की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवली, आता अडीच-तीन तास सहज जातात.

व्यायाम म्हणजे केगल, अमेरिकेतल्या डॉक्टर केगलनी १९४८ मध्ये मांडलेला. यात मी दोन महिने फुकट घालवले, कारण व्हिडिओ बघून पोट आत ओढत होते, मांड्या आवळत होते आणि श्वास कोंडत होते. गॅस आणि लघवी एकदमच रोखायचीय असं समजून आतून वर ओढायचं, पोट-मांड्या-कुल्ले सैल, श्वास चालू. जमेल तेवढे सेकंद धरा, हळूहळू दहापर्यंत न्या, आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा, सोडणं पण व्यायामच आहे. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज करत बसू नका, पिशवी नीट रिकामी होत नाही. एकदा तरी पेल्विक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं) काम करणाऱ्या फिजिओकडून बरोबर स्नायू आवळतोय ना ते बघून घ्या, बोटाने तपासतात, लाज वाटते पण पाच मिनिटांचा प्रश्न. आणि शिंक यायच्या आधी, कळशी उचलायच्या आधी आवळून घ्यायचं, थेंब जाणं मला तरी यानेच थांबलं.

वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो, बद्धकोष्ठ राहू देऊ नका. एवढं करूनही कळ नाहीच थांबली तर घोट्याजवळच्या नसेला हलका करंट देतात, आठवड्याला अर्धा तास असं १२ आठवडे, तो पण बिनगोळ्यांचाच उपाय.

पण जळजळ, ताप, लघवीत रक्त किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरला दाखवा, आणि लघवीची आणि शुगरची तपासणी तर कराच.

यंदा गणपतीत वाडीतल्या घरोघरच्या आरत्यांना उभी राहिले, मध्ये एकदाही सटकले नाही. सर्दीतली मोठी शिंक आली की मात्र अजून पायाला पाय लावते.