कयाकवर एकच डबा पुरे

धोम, कण्हेर किंवा उरमोडी धरणाच्या पाण्यात मासेमारीसाठी पहिल्यांदा कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) घालताय, तर घरची अख्खी पेटी नेऊ नका. रॉड २, गळ-आमिषांचा डबा १, बस्स. (धरणात मासेमारीचा ठेका असू शकतो, त्याची चौकशी आधीच करा.) मासा घरीच ठरवा. मरळ हवी असेल तर रबरी बेडूक ३ आणि ४० पौंड ताण सोसणारी ब्रेड (गळाची विणलेली दोरी). चिलापीला बारीक गळ, शिसं, तरंगी. दोन्ही एकाच दिवशी नको.

डबा मांड्यांच्या मध्ये ठेवा. पाठीमागे ठेवलात की वळून शोधताना तोल जातो. तिहेरी गळाचा प्रत्येक लूर (नकली आमिष) वेगळ्या कप्प्यात हवा, नाहीतर एक उचलला की पाच लोंबकळत येतात. मऊ रबरी आमिषं त्यांच्याच पाकिटात राहू द्या. त्यांतल्या तेलकट द्रव्यानं कडक लूरचा रंग सुटतो, काही डबेही वितळतात. पक्कड आणि कात्री दोरीनं बांधा, पण दोरी हातभरच. लांब दोरी पायात गुंतते आणि कयाक उलटली तर जीवावर बेतते. लाइफ जॅकेट अंगातच, शिट्टी त्याच्या खिशात.

घरी आल्यावर डबा उघडा ठेवून वाळवा. एक ओला लूर आत राहिला तरी शेजारचे गळ गंजतात.