एस्सिटालोप्राम (नैराश्य, चिंतेवरची गोळी) सुरू करून १० दिवस झाले, काहीच फरक नाही, बंद करू का?
नाही, स्वतःहून बंद करू नका, कारण या गोळीचा मूडवरचा परिणाम जाणवायलाच साधारण २ ते ४ आठवडे लागतात आणि पूर्ण फायदा कळायला ६ ते ८, पण मळमळ, डोकेदुखी, झोप बिघडणं हे मात्र आधी येतं म्हणून बरेच जण नेमके इथेच सोडतात. डॉक्टर मुद्दाम ५ किंवा १० एमजीवर सुरू करून १-२ आठवड्यांनी परत बोलावतात ते त्रास आणि डोस बघायलाच, ती व्हिजिट चुकवू नका प्लीज. फक्त जीव द्यायचे विचार येत असतील किंवा झोप नसूनही भलताच उत्साह, बेचैनी वाढली असेल (वय २५ च्या आत असेल तर जास्तच लक्ष ठेवा) तर व्हिजिटची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करा, रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लागतो.