तेल काढायच्या नवीन पद्धती लॅबमध्ये नेमक्या कशा तपासतात?

सोलापुरातनं केमिकल इंजिनिअरिंग करताय आणि प्रोजेक्टला ईओआर (एनहान्स्ड ऑइल रिकव्हरी, म्हणजे जमिनीखालच्या दगडात अडकून राहिलेलं तेल काढायच्या पद्धती) घेतलाय म्हणताय, तर मुख्य टेस्ट म्हणजे कोअर फ्लडिंग, म्हणजे दगडाच्या तुकड्यातनं द्रव ढकलून किती तेल निघतं ते बघायचं. दीड इंच व्यासाचा वालुकाश्माचा गोल तुकडा घ्यायचा (आपल्या इकडचा काळा बेसॉल्ट चालत नाही ओ, त्यात तेल मुरायला जागाच नसते), टोल्युईनने धुवायचा, वाळवायचा, मग व्हॅक्यूम लावून मिठाचं पाणी भरायचं आणि परमिअ‍ॅबिलिटी (दगडातनं द्रव किती सहज वाहतो ते) मोजायची. मग क्रूड ऑइल ढकलायचं, पाणी बाहेर यायचं थांबेपर्यंत. त्यानंतर गरम ठेवून काही दिवस, कधी कधी आठवडे मुरवायचं, कारण दगडाला तेल नीट चिकटलं नाही तर रिझल्ट फसवा येतो, आणि घाईत पोरं नेमकं हेच टाळतात.

मग परत पाणी सोडायचं, नळीतनं नुसतं पाणीच यायला लागलं की समजायचं उरलेलं तेल अडकलंय, आणि तिथंच खरी परीक्षा सुरू होते, म्हणजे पॉलिमर (पाणी दाट करणारा), सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) नाहीतर सीओटू, जे काय असेल ते सोडून जास्तीचं किती निघालं ते मोजायचं. प्रेशर ड्रॉप (तुकड्याच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक) सतत लिहा, पॉलिमर छिद्रात अडकला तर तिथंच कळतं.

गॅसची मिसिबिलिटी, म्हणजे तो तेलात पूर्ण मिसळतो का, ते बघायला स्लिम ट्यूब (वाळू भरलेली लांब बारीक नळी) लागते, सर्फॅक्टंटला स्पिनिंग ड्रॉप (थेंब फिरवून तेल-पाण्यामधला ताण मोजायचं यंत्र).

कॉलेजात एवढं सामान नसणारच, तेव्हा सँडपॅक करा, स्टीलच्या नळीत चाळलेली वाळू ठासून. ओएनजीसीची अहमदाबादला याच कामाची संस्था आहे, गाईडमार्फत पत्र टाकून बघा.