ठेव मोडावी, की कार्डाचं बिल हप्त्यांत फेडावं?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. चौदा महिन्यांपूर्वी मिस्टरांचं ऑपरेशन झालं आणि त्याचा खर्च क्रेडिट कार्डावर गेला. थकबाकी १,२०,००० झाली. तेव्हापासून किमान रक्कम, म्हणजे बिलाच्या ५ टक्के, तुम्ही एकदाही चुकवली नाही. तरी आजही थकबाकी १,२०,००० च्या आसपासच आहे. कार्डाचा व्याजदर महिन्याला ३ टक्के. बँकेत ५०,००० च्या तीन मुदत ठेवी आहेत, ७ टक्क्यांच्या, तुमच्या आईने दिलेल्या पैशातून केलेल्या. त्यांना हात लावायचा नाही, असं मिस्टरांचं म्हणणं. त्यातच कार्ड कंपनीचा फोन आला: "सगळी थकबाकी १६ टक्क्यांनी दोन वर्षांच्या हप्त्यांत करून देतो." तुम्ही विचारलंय की ठेव मोडावी की हप्ते घ्यावेत, आणि हे सगळं मिटलं की दोन्ही कार्डं बंद करून टाकावीत का.

माझं उत्तर आधीच सांगते. दोन ठेवी मोडा, तिसरी ठेवा, आणि तो हप्त्यांचा प्रस्ताव घेऊ नका. आता कारणं.

सगळ्यात आधी तुमच्या मनात सलणाऱ्या प्रश्नाबद्दल. "एवढे पैसे भरले, ते गेले कुठे?" असं तुम्ही लिहिलंय. तुमचा कुठलाही निष्काळजीपणा यात नाही, हिशेबच तसा आहे. १,२०,००० चं बिल आलं, तुम्ही ६,००० भरले, उरले १,१४,०००. त्यावर ३ टक्के व्याज ३,४२०. पुढचं बिल १,१७,४२०. म्हणजे भरलेल्या ६,००० मधले जेमतेम २,५८० मुद्दलात गेले. आणि याच कार्डावर तुम्ही पेट्रोल आणि औषधं घेताय, महिन्याला अडीच हजारांच्या घरात. जेवढं फिटलं तेवढंच पुन्हा चढलं. चौदा महिन्यांत साधारण ८४,००० भरून तुम्ही जागच्या जागी आहात त्या या कारणाने.

त्या अडीच हजारांबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. कार्डावर खरेदी केली की चाळीस-पन्नास दिवस व्याज नाही, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते खरं आहे, पण मागचं बिल पूर्ण भरलं असेल तरच. थकबाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांत ही सवलत बंद होते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. तुमचं पेट्रोल गाडीत पडल्या क्षणापासून व्याजावर चालू आहे. म्हणून बाकी काहीही ठरायच्या आधी, आजच, कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवा. मोबाइलमधल्या खरेदीच्या ॲपमध्ये कार्ड साठवलेलं असेल तर तिथूनही काढा. फोनचं बिल किंवा कसली वर्गणी त्यावरून आपोआप कापली जात असेल तर ती बँक खात्यावर वळवा. नुसतं कार्ड कपाटात ठेवून आपोआप कापली जाणारी रक्कम थांबत नाही, आणि नेमकं हेच विसरलं जातं.

किमान रकमेचा आणखी एक गुण आहे, जो मला फार वाईट वाटतो. थकबाकी कमी झाली की तीही कमी होत जाते, आणि माणसाला वाटतं ओझं हलकं झालं. समजा तुम्ही कार्ड वापरणं थांबवलं आणि फक्त ५ टक्केच भरत राहिलात. थकबाकी निम्मी व्हायलाच ३२ महिने लागतील. तेच, हप्ता घसरू न देता दरमहा सरळ ६,००० भरले असते तर ३० महिन्यांत सगळं फिटलं असतं. सुरुवातीची रक्कम दोन्हीकडे तीच. बिलावर ठळक अक्षरांत किमान रक्कम छापलेली असते, त्यामुळे नजर तिथेच जाते. ज्यांच्याकडे मोडायला ठेव नाही अशा वाचकांनी निदान एवढं करावं: आज जेवढे भरता तो आकडा कागदावर लिहून ठेवा आणि बिल कितीही उतरलं तरी त्याखाली जाऊ नका.

आता तो फोन. १६ टक्के ऐकून तुम्हाला हायसं वाटलं, आणि वाटणारच. महिन्याला ३ म्हणजे वर्षाला ३६, आणि व्याजावर व्याज धरलं तर ४२.६ टक्के. त्यापुढे १६ म्हणजे सुटकाच. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की हप्ता ६,६०० सांगितलाय. मी तिथेच थांबले. १,२०,००० वर १६ टक्के, दोन वर्षं, आणि व्याज जर दरमहा घटत जाणाऱ्या शिलकीवर असेल तर हप्ता ५,८७५ च्या आसपास यायला हवा. ६,६०० येतो तो वेगळ्या हिशेबाने. पूर्ण १,२०,००० वर दोन्ही वर्षं १६ टक्के धरले, म्हणजे ३८,४००, ते मुद्दलात मिळवले आणि चोवीसने भागले. याला सपाट दर म्हणतात. एक वर्षाने तुम्ही निम्मं मुद्दल फेडलेलं असतं, तरी व्याज पूर्ण रकमेवरच चालू राहतं. खरा दर काढला तर वर्षाला सुमारे २८ टक्के पडतो. वर प्रक्रिया शुल्क असेल तर त्याहून जास्त.

३६ पेक्षा २८ बरे, हे मान्य. पण ठेवीवर ७ टक्के मिळत असताना २८ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं कशासाठी? असा प्रस्ताव कधीही आला तर फोनवर टक्केवारी विचारूच नका. तीन गोष्टी लेखी मागा: महिन्याचा हप्ता, एकूण किती हप्ते, आणि शुल्कासकट एकूण परतफेड. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे चौथं. आणि हो, फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, समोरचा स्वतःला कार्ड कंपनीचा म्हणवत असला तरी.

मिस्टरांचा मुद्दा मला अजिबात हट्टाचा वाटत नाही. ज्या माणसाने वर्षभरापूर्वी ऑपरेशनच्या टेबलावरून स्वतःच्या घराची काळजी केली, त्याला गाठीला पैसा हवाच असं वाटणार. पुढच्या तपासण्याही बाकी आहेत. म्हणून तिन्ही ठेवी मोडून कार्ड एकदम साफ करा, असं मी म्हणत नाही. तुमचा घरखर्च महिन्याला ४०,००० आहे. ५०,००० ची एक ठेव राहिली तर महिन्याभराची सोय आणि वर थोडं, इतकं तरी हाताशी राहतं.

त्यांना हा हिशेब शांतपणे दाखवा. ठेव मुदतीआधी मोडली तर बँक व्याजात साधारण टक्काभर कापते. १,००,००० वर वर्षाचे १,००० धरा. तेवढ्याच १,००,००० वर कार्ड महिन्याला ३,००० व्याज घेतं, दिवसाला १००. ठेव मोडल्याचं सगळं नुकसान कार्ड दहा दिवसांत खाऊन टाकतं. आईने दिलेला पैसा मोडतोय, ही टोचणी मला कळते. पण तो पैसा आजही दर महिन्याला जातोच आहे, फक्त ठेवीच्या पावतीवर दिसत नाही एवढंच.

आणि वाईटात वाईट काय होईल तेही बघू. समजा ठेवी मोडल्या आणि दोन महिन्यांत पुन्हा दवाखान्याचा खर्च उभा राहिला. आधी उरलेली ठेव. ती पुरली नाही तर कार्डाची लिमिट आता मोकळी झालेली असेल. ती वापरावी लागली तरी तुम्ही आज जिथे आहात तिथेच परत याल, मधल्या काळातलं व्याज वाचवून. कार्ड कंपनी लिमिट कमी करू शकते, म्हणून सगळी भिस्त तिच्यावर नको. तिसरी ठेव न मोडण्याचं कारण हेच.

तुम्ही म्हणता की ओढून-ताणून महिन्याला १०,००० निघतील. त्यातले अडीच हजार आता पेट्रोल आणि औषधांना रोखीने लागतील, म्हणून मी ७,५०० च धरते. पहिल्या महिन्यात ठेवींचे १,००,००० आणि हे ७,५०० भरा. ठेवीचे पैसे ज्या दिवशी खात्यात येतील त्याच दिवशी भरा, देय तारखेची वाट बघू नका. आजच्या थकबाकीवर दिवसाला १२० च्या आसपास व्याज चढतंय. उरलेले साडेबारा हजार आणि वरचं थोडं व्याज पुढच्या दोन-तीन बिलांत संपेल. त्यानंतर तेच ७,५०० दरमहा आवर्ती ठेवीत टाकलेत तर साधारण चौदा महिन्यांत १,००,००० पुन्हा जमा होतात. आजपासून धरलं तर दीड वर्षाच्या आत.

मिस्टरांनी तरीही नाहीच म्हटलं तर वाद घालत बसू नका, ठेव तारण ठेवून कर्ज काढा. त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत ९ धरा. पूर्ण १,२०,००० या दराने घेऊन दरमहा ७,५०० भरलेत तर सतरा-अठरा महिन्यांत फिटतं आणि व्याज सव्वाआठ हजारांच्या आसपास जातं. वेळ जवळपास तेवढाच. मला पहिला मार्ग जास्त पटतो, कारण तारण ठेवलेली ठेव अडीअडचणीला मोडता येत नाही. पण घरात बोलाचाली होऊन एक महिना वाया गेला तर साडेतीन हजार गेले, म्हणून दोघांना पटेल तो मार्ग या आठवड्यात धरा.

दुसऱ्या बँकेने थकबाकी सहा महिने बिनव्याजी आपल्या कार्डावर हलवून घेतो म्हटलंय, त्याबद्दल एवढंच: ३ टक्के शुल्क पहिल्याच दिवशी जातं, आणि महिन्याला ७,५०० प्रमाणे सहा महिन्यांत ४५,००० च फिटतात. बाकीच्यावर सातव्या महिन्यापासून पुन्हा कार्डाचं व्याज. तुमच्यासाठी नको. एकदा दुसऱ्या कार्डावरून रोख काढून पहिल्याची किमान रक्कम भरली होती, असं तुम्ही संकोचाने लिहिलंय. संकोच करू नका, अडलेला माणूस ते करतो. पण रोख काढली की शुल्क वेगळं, आणि व्याज त्याच दिवसापासून. पुन्हा कधीच करू नका.

राहिला क्रेडिट स्कोअर, म्हणजे तुम्ही उधारी कशी फेडता यावरून दिलेले गुण. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज घ्यायचंय, म्हणून तुमची काळजी रास्त आहे. किमान रक्कम वेळेवर भरल्यामुळे 'हप्ता चुकला' अशी नोंद झालेली नाही, हे तुमच्या पदरात आहे. स्कोअर काढायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, पण अमेरिकेत १९८९ पासून वापरात असलेला फायको नावाचा स्कोअर बघितला तर अंदाज येतो: वेळेवर फेडीला ३५ टक्के वजन, किती उधारी वापरली त्याला ३०, इतिहास किती जुना त्याला १५, नवी उधारी आणि उधारीचे प्रकार यांना प्रत्येकी १०. तुमचं दुखणं दुसऱ्या क्रमांकावर आहे. दोन्ही कार्डांची मिळून लिमिट २,००,००० आणि थकबाकी १,२०,०००, म्हणजे ६० टक्के वापर. हा आकडा ३० च्या खाली असलेला बरा. ठेवींचे पैसे भरल्यावर तो एका झटक्यात १० च्या खाली येईल, आणि नोंदी नियमित जात असल्यामुळे त्याचा परिणाम दिसायला वर्ष लागत नाही.

म्हणूनच कार्डं रागाच्या भरात बंद करू नका. आज नवीन कार्ड बंद केलंत तर लिमिट दीड लाखावर येते आणि वापर ६० वरून ८० टक्के होतो, एक पैसाही जास्त न उधळता. आधी थकबाकी शून्यावर येऊ द्या. मग आठ वर्षांचं जुनं कार्ड ठेवा, कारण तुमचा इतिहास त्याच्यावर आहे. नव्याला वार्षिक शुल्क असेल तर तेव्हा खुशाल बंद करा. मात्र कार्ड जवळ असलं की हात जातोच, असं मनापासून वाटत असेल, तर स्कोअरचा विचार न करता दोन्ही बंद करा. कर्ज नसलेल्या माणसाचा थोडा उतरलेला स्कोअर परवडतो.

शेवटची रक्कम भरल्यावरही पुढच्या बिलात शे-दोनशेचं व्याज दिसलं तर दचकू नका. बिल निघालं ती तारीख आणि तुम्ही पैसे भरले ती तारीख, यांच्यामधल्या दिवसांचं ते असतं. तेही भरून टाका आणि बिलावर शून्य छापून येईपर्यंत तपासत राहा. मागच्या तीन बिलांची फक्त व्यवहारांची पानं मला पाठवा, कार्ड नंबर खोडून. औषधांच्या खरेदीवर व्याज कुठल्या तारखेपासून लावलंय ते बघून कळवते.