दुबईतल्या कामगार दाव्यासाठी इंग्रजी-अरबी कायदेशीर दुभाषा कसा शोधायचा?

भावाचा पगार दुबईतल्या कंपनीने थकवलाय, कागद इंग्रजीत आणि कोर्टाचं काम अरबीत, असं तुम्ही लिहिलंय. इथे दोन वेगळी माणसं लागतात. बोलणं भाषांतर करून सांगणारा दुभाषा सुनावणीत कोर्टच देतं. कुठली भाषा हवी ते मात्र आधीच कळवून ठेवा. (मोडक्या इंग्रजीपेक्षा हिंदी कितीतरी बरी.) तुम्हाला शोधायचाय तो कागदांचा अनुवादक.

तो अमिरातीच्या न्याय मंत्रालयाकडे नोंदलेलाच हवा. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव तपासा, आणि त्याची नोंद इंग्रजी-अरबीसाठीच आहे ना तेही बघा. टायपिंग सेंटरमध्ये (सरकारी अर्ज, कागद तयार करून देणारं दुकान) काम दिलंत तर शिक्का आणि सही कोणाची येणार, हे पैसे देण्याआधी विचारा. शिक्क्याशिवायचा अनुवाद कोर्टात चालत नाही.

सगळी फाईल लगेच अनुवादाला देऊ नका. तक्रार आधी मनुष्यबळ मंत्रालयाकडे जाते आणि ५०,००० दिरहॅमपर्यंतचा दावा तिथेच निकाली निघू शकतो. या मंत्रालयात नोंदलेल्या नोकरीच्या करारात अरबी मजकूर असतोच, त्यावर पुन्हा खर्च नको. ऑफर लेटर, पगारवाढीचे ईमेल, तारीख आणि नंबर दिसणारे मोजकेच व्हॉट्सअ‍ॅप संदेश एवढं पुरे.

अनुवाद हातात आला की दोन शब्द बोट ठेवून विचारा: 'रातिब असासी' म्हणजे मूळ पगार, 'रातिब इज्माली' म्हणजे एकूण. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर निघते, पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवस, पुढे ३०. दोन्हीकडे नुसतं 'रातिब' आलं तर हिशेबच वादात पडतो. आकडेही स्वतः जुळवा. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका, त्यामुळे मराठी डोळा हमखास फसतो. नावाचं अरबी स्पेलिंग एमिरेट्स आयडीवर (तिथलं सरकारी ओळखपत्र) आहे तसंच हवं.

आणि भावाला आजच फोन करून सांगा: कंपनीने पुढे केलेल्या अरबी कागदावर वाचून घेतल्याशिवाय सही करू नकोस. त्यावर 'मुखालसा' असेल तर सगळं येणं मिळाल्याची ती कबुली ठरते, 'इस्तिकाला' असेल तर तो राजीनामा. दोन्हींचा फोटो काढून अनुवादकाला दाखवायला दहा मिनिटं लागतात.