मुलीला ट्रॅफिकमध्ये करिअर करायचंय, पण ती सिव्हिलची नाही

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कल्याणहून शिळफाट्यामार्गे रोज बसने नवी मुंबईतल्या कॉलेजला जाते आणि आता म्हणतेय, आयटीची प्लेसमेंट नको, मला 'इंटेलिजंट ट्रान्सपोर्ट सिस्टिम'मध्ये, म्हणजे सिग्नल, सेन्सर, कॅमेरे जोडून रहदारी चालवणाऱ्या यंत्रणांमध्ये, काम करायचंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. हे क्षेत्र सिव्हिलवाल्यांचं नाही का? दीड लाखाचा 'एआय इन स्मार्ट मोबिलिटी' सर्टिफिकेट कोर्स लावावा का? आणि मुलीच्या जातीला रस्त्यावर उभं राहावं लागेल का?

आधी कोर्सचं सांगतो, कारण सवलत रविवारी संपतेय असं तुम्ही लिहिलंय. पैसे भरू नका. तुम्ही जोडलेला अभ्यासक्रम वाचला. त्यात कॅमेऱ्यातून गाड्या ओळखणं आहे, डॅशबोर्ड आहे, पण सिग्नलची वेळ कशी ठरते याचा एक तासही नाही. ट्रॅफिक इंजिनीअरिंगचे चांगले कोर्स एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावर फुकट आहेत.

आता मूळ मुद्दा. एका चौकात हुशार सिग्नल बसवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अडतं ते एका शहराची यंत्रणा शेजारच्या शहराच्या यंत्रणेशी बोलत नाही तिथे. तुमच्या मुलीच्या रोजच्या रस्त्याचंच बघा. जेएनपीए बंदरातून (न्हावा शेवा) निघालेला कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास करत भिवंडीच्या गोदामांकडे किंवा घोडबंदरमार्गे गुजरातकडे जातो. तेवढ्यात तो नवी मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदर वसई-विरार अशा तीन पोलिस आयुक्तालयांच्या हद्दी ओलांडतो. मुंबई महानगर प्रदेशात महापालिका 9, त्यातल्या बऱ्याच जणींची बससेवा वेगळी, आणि रस्ता कुठे पालिकेचा, कुठे एमएसआरडीसी या राज्याच्या रस्ते महामंडळाचा, कुठे राष्ट्रीय महामार्गाचा. 2018 मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद केला तेव्हा अवजड वाहनं ऐरोलीकडून वळवावी लागली आणि दुरुस्ती मुंब्र्यात, रांगा ऐरोलीत, असा प्रकार झाला. तुम्ही कल्याणचे, तुम्हाला मी काय सांगणार!

हा आजार फक्त आपला नाही. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेटिकट या तीन राज्यांमधल्या वाहतूक संस्थांनी 1986 मध्ये ट्रान्सकॉम नावाची सामाईक संस्था काढली. तिचं सुरुवातीचं काम अगदी साधं होतं: कोण कुठला रस्ता कधी खोदणार हे एकमेकांना आधी कळवायचं, म्हणजे समांतर जाणारे दोन रस्ते एकाच वेळी बंद होणार नाहीत. कॅमेरे, सेन्सर, एकत्रित माहिती हे सगळं त्यावर चढत गेलं. आपल्याकडे तिकिटाच्या बाबतीत 2025 मध्ये 'मुंबई वन' ॲपने लोकल, मेट्रो, मोनो आणि बस अशा 11 सेवा एकत्र आणल्या. सिग्नल आणि ट्रकच्या वेळा जोडणं याहून किचकट आहे, आणि पुढची बरीच वर्षं तिथे माणसं लागणार आहेत.

यात इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं काम काय? भरपूर आहे. एका रस्त्यावरचे लागोपाठचे सिग्नल एकमेकांना धरून चालवायचे तर सगळ्यांचं चक्र (हिरव्यापासून पुन्हा हिरव्यापर्यंतचा वेळ) सारख्या सेकंदांचं लागतं आणि घड्याळं जुळलेली लागतात. हद्दीच्या अलीकडे 120 सेकंदांचं चक्र आणि पलीकडे 150 चं असेल, तर अलीकडून हिरव्यावर सुटलेली गाडी पलीकडे कधी हिरव्यावर पोचेल, कधी लालवर, नेम नाही. त्यातून दोन्हीकडचे कंट्रोलर, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या पेट्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे, प्रत्येकाची भाषा वेगळी. ब्रिटनने यासाठी 1990 च्या दशकातच यूटीएमसी नावाने सामाईक मानकं करायला घेतली. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने भारतीय रहदारीसाठी 'कॉसिकॉस्ट' ही सिग्नल-नियंत्रण प्रणाली तयार केली. कंट्रोलर, सेन्सर, प्रोटोकॉल हे तुमच्या मुलीच्या शाखेचेच विषय आहेत.

तिला येत नसणार ते ट्रॅफिक. परदेशी प्रणाली बऱ्याचदा डांबरात पुरलेल्या लूपवर (वरून गाडी गेली की ओळखणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर) चालतात आणि गाड्या लेनमध्ये चालतात असं धरून चालतात. आपल्याकडे स्टॉपलाइनच्याही पुढे पंधरा दुचाकी, मध्येच रिक्षा, आणि लूपचं म्हणाल तर पुढच्या खोदकामात तो तुटणार. म्हणून कॅमेरा आणि रडारकडे कल आहे. तिला म्हणावं, एखाद्या चौकात सकाळी तासभर वही घेऊन उभी राहा. प्रत्येक हिरव्यात दुचाकी किती, रिक्षा किती, बस किती सुटल्या, ते लिही. मग वेबस्टर या वाहतूक संशोधकाच्या 1958 च्या सूत्राने चक्राची वेळ काढ आणि तोच चौक 'सूमो' या रहदारीची नक्कल करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उभा कर. उत्तर प्रत्यक्षाशी जुळणार नाही. ते का जुळत नाही हे चार पानांत लिहिलं, तर मुलाखतीत दीड लाखाच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त चालेल. फायनल इयरचा प्रोजेक्टही यातूनच निघेल. जोडीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिकली की पुरे.

पुढच्या शिक्षणासाठी आयआयटी मुंबईत ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स इंजिनीअरिंग आहे, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि सुरतच्या एसव्हीएनआयटीत ट्रान्सपोर्टेशनचं एम.टेक. आहे. पण बऱ्याच ठिकाणी सिव्हिलची पदवी आणि गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा सिव्हिलचाच पेपर मागतात. प्रत्येक संस्थेच्या माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा तक्ता गेटचा फॉर्म भरायच्या आधी बघा, नंतर नाही. दार बंदच निघालं तर तिच्याच शाखेत कंट्रोल किंवा कम्युनिकेशनमध्ये एम.टेक. करून प्रबंधाचा विषय वाहतुकीतला घेता येतो. मला तर तिच्यासाठी हीच वाट जास्त बरी वाटते.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. पालिकेत या कामासाठी कायम जागा फार कमी. काम टेंडरने सिस्टिम इंटिग्रेटर (वेगवेगळी यंत्रं जोडून देणाऱ्या) कंपन्यांकडे आणि सल्लागारांकडे जातं, त्यामुळे नोकरी बहुधा प्रोजेक्टला बांधलेली असते. कंत्राट संपलं की शहर बदलायची तयारी हवी. पहिला पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा कमी असू शकतो, त्यावर घरात आत्ताच बोलून घ्या.

आणि हो, रस्त्यावर उभं राहावं लागेल. मोजणी गर्दीच्या वेळी असते, सिग्नलची जोडणी बऱ्याचदा रात्री, रहदारी कमी असताना. सोबत टीम असते, गाडी असते, पण साइट ती साइटच. कंट्रोल रूममधलं काम हवं असलं तरी सुरुवातीची दोन-तीन वर्षं साइट चुकवू देऊ नका. खांबावरची पेटी उघडून न बघितलेल्या माणसाचं साइटवर कुणी ऐकत नाही.

परदेशातल्या एम.एस.साठी कर्ज काढायचं का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. आत्ता नको. दोन वर्षं काम करू द्या. ब्रिटनमधल्या लीड्सला किंवा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला जाऊन नेमकं काय शिकायचंय हे तिलाच तोवर कळलेलं असेल, आणि अर्जात लिहायला हाताशी कामही असेल.