एचआरमध्ये सहा वर्षं झाली आहेत. चेंज मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये जाऊन पुढे शिकवताही येईल का?

येईल. पण आधी काम, मग वर्ग.

हे काम म्हणजे कंपनीत बदल आला की माणसांना तो अंगवळणी पाडायला मदत करणं. मुंबईत ते बहुतेकदा सॅपसारखी नवी सॉफ्टवेअर सिस्टिम किंवा दोन कंपन्यांचं विलीनीकरण यातून येतं. प्रेझेंटेशन बीकेसीत होतं, खरी परीक्षा तुर्भ्याच्या गोदामात. सिस्टिम सुरू झाली तरी स्टोअरकीपर खणात जुनी वही ठेवतोच आणि दोन्हीकडे नोंद करतो. ट्रेनिंग त्याला मिळालेलं असतं. स्टॉक जुळला नाही तर मेमो कुणाच्या नावाने निघणार, हे कुणी सांगितलेलं नसतं. ते प्लांट मॅनेजरकडून वदवून घेणं, हे तुमचं काम. तुम्ही एचआरमधले, म्हणजे युनियनशी बोलायची सवय असेलच. ती इथे फार उपयोगी पडते.

लेविनचे तीन टप्पे, कॉटरच्या आठ पायऱ्या, ॲडकार ही बदल कसा घडवायचा याची मॉडेल्स. हे सगळं आठवड्याभरात वाचून होतं. ॲडकार ज्यांचं, त्या प्रोसाय कंपनीचं सर्टिफिकेट कंपनीच्या खर्चाने मिळत असेल तर जरूर घ्या, पदरमोड करून नको.

शिकवायचं म्हणाल तर पूर्णवेळ असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट परीक्षा किंवा पीएचडीचा रस्ता. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली: किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, पीएचडीची सक्ती नाही. तोवर व्हिजिटिंग फॅकल्टी म्हणून एखादं लेक्चर मिळतंय का पाहा. मानधनावर मुंबईत घर चालत नाही, हे मात्र धरूनच चाला.